ग्रीन हेडचं सोनेरी पिंप : किनाऱ्यावर लागलेलं रॉकेट ओळखतात तरी कसं?

स्वानकाठची

मंडळी, २०२३च्या जुलैतली गोष्ट. तेव्हाच लिहायची होती, राहून गेली. परवा आवराआवरी करताना मुलाच्या चित्रकलेच्या वहीत वाळूत कललेलं एक पिवळं पिंप आणि शेजारी हात पसरून उभा असलेला पोलीस सापडला. म्हटलं, आता लिहूनच टाकावं.

आम्ही पर्थला राहतो. शाळेच्या सुट्ट्या संपत आल्या होत्या, म्हणून सर्व्हंटिसचे चुनखडीचे सुळके बघून जुरियन बेला मुक्काम टाकला होता. सकाळी कॉफी घेताना शेजारच्या टेबलावरच्या बाई सांगत होत्या, ग्रीन हेडच्या किनाऱ्यावर काहीतरी मोठं लागलंय, विमानाचं असेल. ग्रीन हेड म्हणजे पर्थच्या उत्तरेला २५० किलोमीटरवरचं एवढंसं गाव. लोक लॉबस्टर धरतात, बाकी नुसता वारा. नवऱ्याने गाडी वळवलीच.

पोलिसांनी जवळ जाऊ दिलं नाही. लांबून जे दिसलं ते असं: घासलेल्या तांब्यापितळेच्या रंगाचं, अडीच मीटरच्या आसपास रुंद आणि तेवढंच किंवा थोडं जास्त उंच पिंप. पृष्ठभाग सुतळीने विणल्यासारखा, काठ फाटलेला. अंगावर शिंपल्यांसारखं काहीतरी दाट चिकटलेलं, मुलगा म्हणाला, "आई, त्याला देवी आल्यात." (हा शब्द त्याने आजीकडून उचललाय.)

पुढचे दोन आठवडे इथे दुसरा विषय नव्हता. ऑफिसात निम्मे लोक म्हणायचे, २०१४ साली हरवलेल्या एमएच ३७० विमानाचा भाग. भारतातून व्हॉट्सॲपवर येत होतं, चांद्रयानाचा तुकडा आहे! शेवटी ३१ जुलैला ऑस्ट्रेलियाच्या अवकाश संस्थेने सांगितलं की हा बहुधा इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचा अवशेष आहे, आणि इस्रोनेही ते मान्य केलं. म्हणजे पर्थहून गाडी हाकत जाऊन मी जे लांबून बघितलं ते माहेरचंच होतं.

माझा प्रश्न साधा आहे. त्यावर ना तिरंगा दिसला, ना नाव. मग ओळखलं कसं?

शंकासुर

इस्रोने मान्य केलं ते ठीक. पण चांद्रयान-३ उडालं १४ जुलैला आणि हे पिंप लगेच त्या शनिवार-रविवारी सापडलं. एवढा योगायोग मला पचत नाही.

नटबोल्ट

शंकासुर, हिशेब करा. श्रीहरिकोटा ते ग्रीन हेड अंतर सहा हजार किलोमीटरच्या आसपास. समुद्राचा प्रवाह एक नॉटने वाहिला तर दिवसाला ४४ किलोमीटर. करा भागाकार. शिवाय चांद्रयान-३ पीएसएलव्हीने गेलंच नाही, एलव्हीएम-३ने गेलं. त्याचा वरचा क्रायोजेनिक (अतिथंड द्रव इंधनाचा) टप्पा तर पुढे चार महिने पृथ्वीभोवती फिरत होता. १५ नोव्हेंबर २०२३ला उत्तर प्रशांत महासागरावर तो वातावरणात शिरला. तेव्हा तो आरोपी जुलैत ऑस्ट्रेलियात असूच शकत नाही.

आता धागाकर्तीचा प्रश्न. मी आयुष्यभर वेल्डिंगचे जोड तपासले आहेत, रॉकेटचा तज्ज्ञ नाही, पण वस्तू कशाची बनली आहे इथून सुरुवात करायची सवय आहे. तुम्ही स्वतःच उत्तर लिहिलंय : विणल्यासारखं आणि सोनेरी.

पीएसएलव्हीचे चार टप्पे. पहिला घन इंधनाचा, दुसरा द्रव, तिसरा पुन्हा घन, चौथा पुन्हा द्रव. पहिल्याचं कवच पोलादाचं, २.८ मीटर व्यासाचं. (अशी कवचं इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला बनतात, हे इथल्या किती जणांना ठाऊक आहे?) ते जड धूड समुद्रात पडलं की तळाला जातं. दुसऱ्या टप्प्यात विकास इंजिन आणि धातूच्या पातळ टाक्या. तिसऱ्याची मात्र गंमत आहे. घन इंधनाच्या टप्प्यात इंधन जळतं ते कवचाच्या आतच, त्यामुळे सगळं कवच म्हणजे एक प्रेशर कुकर. तो मजबूत हवा आणि हलकाही हवा, कारण इतक्या वर नेलेला प्रत्येक किलो उपग्रहाच्या वजनातून वजा होतो. म्हणून तिथे पोलाद नाही. केव्हलार म्हणजे बुलेटप्रूफ जाकिटात असतो तो चिवट धागा, तो रेझिनमध्ये (चिकट राळेत) भिजवून साच्यावर गुंडाळत जातात, मांजाची फिरकी भरतात तसा, उलटसुलट तिरका. केव्हलारचा मूळ रंगच पिवळा-सोनेरी. तुमच्या पिंपाला कोणी रंग दिलेला नव्हता, ती त्याची कातडी होती.

या टप्प्यात साधारण ७.६ टन इंधन असतं. ते जळून गेलं की राहतं टनाच्या आसपासचं पोकळ मडकं. आतून रबराचं अस्तर, कारण आतली आग कवचापर्यंत पोचता कामा नये. असं मडकं बुडणार कशाला?

शंकासुर

थांबा. माझ्या माहितीप्रमाणे पीएसएलव्हीच्या तिसऱ्या टप्प्याचा व्यास २ मीटर आहे. बाई अडीच म्हणतात, बातम्याही अडीच म्हणत होत्या. अर्धा मीटर कुठून आला? समुद्रात भिजून फुगलं काय?

नटबोल्ट

हा प्रश्न मात्र बरोबर विचारलात. अडीच हा आकडा 'सुमारे' होता, लांबून अंदाजाने. तिरकी, वाळूत अर्धी रुतलेली गोल वस्तू डोळ्याला नेहमी जाड वाटते, त्यात काठ फाटून पसरलेला. नुसत्या बातमीतल्या मापावर मी कधीच निकाल देणार नाही. पण साहित्य, विणीची पद्धत आणि घुमटासारखं टोक हे तिन्ही एकत्र जुळलं की वर्तुळ खूप लहान होतं. आणि शेवटी ज्याने बनवलं त्यानेच "आमचं" म्हटलं. त्यावर काय बोलणार?

मोरावळा

मला वाटायचं रॉकेट वर जातं आणि उरलेलं सगळं परत येताना जळून जातं. हे एवढं अख्खं कसं राहिलं?

नटबोल्ट

कक्षेत पोचलेली वस्तू परत येते तेव्हा सेकंदाला सातआठ किलोमीटर वेगाने येते, म्हणून जळते. पीएसएलव्हीचा तिसरा टप्पा कक्षेत पोचतच नाही. उरलेला वेग चौथा टप्पा देतो. तिसरा मध्येच सुटतो, कमान करून खाली येतो. वेग कमी, आणि रिकामं झाल्यामुळे आकाराच्या मानाने वजन नाही, म्हणून हवेत लवकर मंदावतो.

ध्रुवीय कक्षेसाठी हे रॉकेट श्रीहरिकोट्याहून दक्षिणेकडे जातं, श्रीलंकेवरून जायचं नाही म्हणून वाटेत वळण घेतं. खाली सगळा हिंदी महासागर. उड्डाणाआधी जहाजांना आणि विमानांना कुठल्या पट्ट्यात जायचं नाही ते कळवलेलं असतं. म्हणजे पडणं हा अपघात नव्हता, ते आधीपासून योजलेलंच होतं. फक्त पडल्यावर बुडायचं सोडून ते फिरायला निघालं.

शिंपलेवाली

अंगावर चिकटलेल्या 'देवी' माझ्या खात्यात येतात. :)

ते बार्नेकल. आपल्या कोकणातल्या खडकांवर, धक्क्याच्या खांबांवर पायाला कापतात ती पांढरी खरखरीत टोपणं बार्नेकलच, पण ती वेगळी जात. भर समुद्रात तरंगणाऱ्या ओंडक्यांवर, बाटल्यांवर, बोयांवर वाढतात ती देठाची. रबरासारखा काळपट देठ आणि टोकाला पाच पांढऱ्या-निळसर तकटांची चोच. ही जात किनाऱ्यावर जगत नाही. त्यामुळे एखाद्या वस्तूवर ती दाट दिसली की पहिला निष्कर्ष : ही वस्तू बराच काळ पाण्यावर होती, काल पडलेली नाही. चांद्रयानाची अफवा तिथेच संपायला हवी होती.

दुसरं, त्यांच्या वाढीचा वेग माहीत असतो. उबदार पाण्यात महिनाभरात सेंटीमीटरभर सहज. सगळ्यात मोठा बार्नेकल शोधायचा, मोजायचा आणि 'निदान इतके दिवस' असं म्हणायचं. निदान हा शब्द विसरायचा नाही, कारण वस्तू पडल्यावर पिल्लं लगेच चिकटली की उशिरा, हे एका टोपणावरून कळत नाही. जुलै २०१५ला रियुनियन बेटावर एमएच ३७०च्या पंखाचा जो भाग सापडला, त्यावरही हेच होते. टोपणाच्या थरांमध्ये पाण्याच्या तापमानाची नोंद उतरते, त्यावरून वस्तू कुठून कुठून वाहत आली याचा माग काढायचा प्रयत्न संशोधकांनी केला. थोडक्यात, टोपण म्हणजे त्या प्रवासाची डायरी. समुद्रकिनाऱ्यावर लोक आधी वस्तू धुऊन काढतात आणि मग फोटो टाकतात, तेव्हा माझा जीव तुटतो. डायरीच फाडून टाकली ना राव.

झाडीपट्टी

आमच्याकडे समुद्र नाही, पण आभाळ आहे. मी सिंदेवाही तालुक्यातला, जिल्हा चंद्रपूर.

२ एप्रिल २०२२, पाडव्याचा दिवस. रात्रीचे पावणेआठ-आठ. अंगणात पोरं ओरडली म्हणून बाहेर आलो तर आभाळात जळत्या निखाऱ्यांची रांग, एकामागे एक, सावकाश सरकत होती. उल्का अशी नसते, ती भुर्रकन जाते. ही जाऊन राहिली होती आरामात, बैलगाडीसारखी. आई हात जोडून उभी, शेजारचा व्हिडिओ काढून राहिला होता. थोड्या वेळाने फोन आला, लाडबोरीत मोठं रिंगण पडलंय धातूचं. नंतर आजूबाजूला गोल गोळेही सापडले.

मी दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात जाऊन बघून आलो. तीन मीटर व्यासाचं कडं, गाडीच्या चाकाची धाव काढून ठेवावी तसं. हात नाही लावला, लावू देत नव्हते. इस्रोचे शास्त्रज्ञही नंतर येऊन पाहून गेले.

आता ऐका ओळख कशी पटली ते. त्याच संध्याकाळी न्यूझीलंडमधून इलेक्ट्रॉन नावाचं रॉकेट उडालं होतं. झालं, टीव्हीवर सुरू, इलेक्ट्रॉनचेच तुकडे. पण इलेक्ट्रॉन अख्खं १.२ मीटर व्यासाचं! त्यात तीन मीटरचं कडं बसवणार कुठून? घागरीत कढई घालायची म्हणता का? जोनाथन मॅकडॉवेल हे खगोलशास्त्रज्ञ उपग्रहांच्या कक्षांची नोंद ठेवतात, त्यांनी वेळ आणि मार्ग जुळवून सांगितलं की फेब्रुवारी २०२१मध्ये उडालेल्या चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा त्या वेळी खाली येत होता. त्या टप्प्याचा व्यास? तीन मीटर. बसलं कडं.

स्वानकाठची

झाडीपट्टी, काय वर्णन केलंत! आणि बघा ना, दोन्हीकडे तेच झालं. आमच्याकडे चांद्रयान, तुमच्याकडे इलेक्ट्रॉन. ज्याची बातमी ताजी त्याच्यावर पहिला आळ.

नटबोल्ट

तिसरं उदाहरण देतो. नोव्हेंबर २०१५, इंग्लंडच्या नैर्ऋत्येची सिली बेटं. समुद्रात काहीतरी मोठं तरंगताना दिसलं, वर समुद्रपक्षी टोचे मारत होते. बघणाऱ्यांना वाटलं मेलेला देवमासा. जवळ गेले तर पत्रा, त्यावर बार्नेकल, आणि पक्षी तेच खात होते. खरवडल्यावर अमेरिकेचा झेंडा निघाला. फाल्कन ९चा भाग. लोक लगेच म्हणाले, जूनमध्ये फुटलं ना एक फाल्कन, त्याचाच. पण झेंडा आणि बाकीच्या खुणा कुठे, किती अंतरावर आहेत हे छंदिष्टांनी जुन्या फोटोंशी ताडून बघितलं आणि निष्कर्ष काढला, जूनचा नाही, २०१४च्या सप्टेंबरमध्ये गेलेल्या एका उड्डाणाचा. वर्षाहून जास्त काळ भटकत अटलांटिक ओलांडून आलेला.

म्हणून माझा क्रम असा : साहित्य, मग माप, मग जोड आणि खुणा, मग अंगावरची वाढ. आजचं वर्तमानपत्र सगळ्यात शेवटी.

आजोबा७२

स्कायलॅब आठवतं का कोणाला? १९७९चा जुलै. मी तेव्हा शाळेत होतो. अमेरिकेची अवकाश प्रयोगशाळा पडणार, कुठे पडणार ते सांगता येत नाही, एवढंच रेडिओवर. आमच्या गल्लीत एका काकूंनी वाळवण गच्चीवर घालायचं थांबवलं होतं. वाळवणाला ऊन नव्हतंच म्हणा, पावसाळा होता, पण निमित्त स्कायलॅबचं. शेवटी पडलं ते ऑस्ट्रेलियाच्याच पश्चिम भागात, एस्परन्सच्या आजूबाजूला. तिथल्या स्थानिक मंडळाने नासाला कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलर दंड लावला, हे खरंय. दंड म्हणजे थट्टाच होती.

स्वानकाठची, तुमच्या राज्याच्या नशिबी हेच दिसतंय.

स्वानकाठची

हो ना आजोबा! आमच्या राज्याचे प्रीमियर (म्हणजे मुख्यमंत्री) रॉजर कुक तेव्हा म्हणालेच होते की इस्रोचं पिंप संग्रहालयात स्कायलॅबच्या तुकड्यांशेजारी ठेवता येईल.

मोरावळा

पण मालकी कोणाची? मला सापडलं तर माझं ना?

नटबोल्ट

नाही. १९६७च्या अवकाश करारानुसार वस्तू कुठेही पडली तरी ज्या देशाची त्याचीच राहते. १९६८च्या करारानुसार सापडल्याचं मूळ देशाला आणि संयुक्त राष्ट्रांना कळवायचं, त्यांनी मागितली तर परत द्यायची. नुकसान झालं तर भरपाई सोडणाऱ्या देशाची, तो १९७२चा करार. १९७८मध्ये कॅनडावर सोव्हिएत युनियनचा अणुभट्टीवाला कॉसमॉस ९५४ उपग्रह पडला, तेव्हा सोव्हिएतने ३० लाख कॅनडियन डॉलर मोजले. ग्रीन हेडच्या वेळी इस्रोने काही मागितलं नाही, काय करायचं ते ऑस्ट्रेलियाने ठरवावं म्हणाले. केव्हलारचं फाटकं मडकं परत आणायचं भाडं कोण देणार!

हर्णैकर

धागा वाचून घाम फुटलाय. गेल्या आठवड्यात आमच्या हर्णैच्या पुळणीवर मला एक गोळा मिळाला. नारळाच्या दुप्पट, भगवा रंग उडालेला, कडक, हलका, पोकळ. दोन बाजूंना कान आणि कानांना भोकं. एका कानाजवळ उठावदार आकडे आहेत. वरती तुमचे ते देठवाले बार्नेकल, दोन बोटं लांब. झाडीपट्टींच्या गोळ्यासारखा असेल तर? सध्या माझ्या पडवीत आहे. फोटो अपलोड होत नाही, रेंज नाही.

झाडीपट्टी

भौ, आमचे गोळे भगवे नव्हते. काळपट, जळलेले, वरून धाग्याचं वेष्टण उसवलेलं.

नटबोल्ट

हर्णैकर, श्वास घ्या. रॉकेटमधले गोळे म्हणजे दाबाखालचा वायू साठवायच्या बाटल्या. त्यांना टोकाला नळी जोडायचा जाड धातूचा गळा असतो. दोरी ओवायचे कान नसतात, अवकाशात दोरी ओवणार कोण? घरात मच्छीमार आहेत का कोणी?

हर्णैकर

बाबा आहेत. बाबांना दाखवलाच नाही, ओरडतील म्हणून.

शिंपलेवाली

दाखवा. आणि एक गंभीर गोष्ट, सगळ्यांसाठीच. हा गोळा बहुतेक निरुपद्रवी आहे, पण खरंच धातूची टाकी, नळ्या, झडपा असलेली वस्तू किनाऱ्यावर दिसली तर हात लावू नका, हुंगू नका, उलटवू नका. द्रव इंधनाच्या काही टप्प्यांत हायड्राझीनच्या कुळातली इंधनं असतात, ती विषारी. लांबून फोटो, मापासाठी शेजारी चप्पल किंवा काठी, आणि पोलिसांना ११२ किंवा तटरक्षक दलाला १५५४ वर फोन. ग्रीन हेडलाही आधी रासायनिक तपासणी झाली, धोका नाही हे ठरल्यावरच ते पिंप हलवलं.

मोरावळा

हायड्राझीनचा वास कसा असतो म्हणे?

नटबोल्ट

काही प्रकारांचा अमोनियासारखा, सडक्या मासळीसारखा.

शंकासुर

मग हर्णैच्या बंदरावर कळणार कसं?

आजोबा७२

शंकासुर, पहिल्यांदाच कामाचं बोललात.

हर्णैकर

बाबांना दाखवला. एका नजरेत म्हणाले, "अरे येड्या, ट्रॉलरच्या जाळ्याचा बोया हाय तो. जाळ्याचं तोंड वर धरायला लावतात. आमच्याकडचा नाय, लांबच्या बोटीचा दिसतोय." आकडा म्हणजे किती खोल पाण्यापर्यंत तो दाब सोसतो ते, असंही म्हणाले. मला एक टपली पडली.

शिंपलेवाली

टपलीबद्दल सहानुभूती. पण बार्नेकल काढू नका हं! सगळ्यात मोठ्याचं टोपण, देठ सोडून, पट्टीने मोजा आणि कळवा. मग निदान किती दिवस तरंगला ते सांगते.

हर्णैकर

मोजलं. तीन सेंटीमीटरला थोडं कमी. पण लवकर सांगा, आई म्हणते हा वास उद्यापर्यंत गेला नाही तर गोळा आणि मी दोघंही पुळणीवर.